दवंडी ते चोपडी : गाणाऱ्याच्या नावाचा इतिहास

गावाची दवंडी महाराने द्यायची, हा वतनी गावगाड्याचा नियम होता. पाटलाचा हुकूम असो, वसुलीची तारीख असो की साहेबाचा मुक्काम असो, हाळी महाराची आणि शब्द दुसऱ्याचा. लग्नात, जत्रेत हलगी आणि सनई मांगाने वाजवायची. वाद्य त्याचे, दम त्याचा, पण बसायची जागा मांडवाबाहेर. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांची प्रसिद्धी केली. स्वतःच्या नावाची दवंडी देण्याची मुभा त्यांना नव्हती. त्यांच्या आवाजाला मोल होते, नावाला नव्हते. ह्या एका गोष्टीकडे संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष अजून गेलेले नाही.

आंबेडकरी चळवळीतल्या गाण्याविषयी आता पुष्कळ लिहिले जाते. जलशाचा आशय तपासला जातो, भीमगीतांतील विद्रोहावर प्रबंध होतात. पण हे गाणे गावोगाव पोचले कसे, गाणाऱ्याचे नाव लोकांपर्यंत कोणी नेले, त्यासाठी पैसा कोणाचा गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गाणे जणू वाऱ्यानेच नेले! गाणे वाऱ्याने जात नसते. त्यामागे एस.टी.चे तिकीट असते, छापखान्याची उधारी असते, आणि खांद्यावरच्या झोळीत कोंबलेला चोपड्यांचा गठ्ठा असतो.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. इतिहासाची साधने म्हणजे दप्तरे, बखरी, फर्माने, असे मला शिकवले गेले, आणि अनेक वर्षे मीही तेच शिकवत आहे. प्रस्तुत लेखात मात्र ज्या साधनाचा विचार करायचा आहे ते कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. ते म्हणजे गाणाऱ्याने स्वतः छापलेली आणि स्वतःच विकलेली गाण्यांची चोपडी.

स्वतंत्र गायक म्हणजे कोण?

आजकाल 'स्वतंत्र संगीत' हा शब्द शहरी तरुणांच्या तोंडी फार ऐकू येतो. कंपनीशी करार न करता स्वतःच्या हिमतीवर गाणारा तो स्वतंत्र, असा त्याचा अर्थ. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आमच्याकडे गाणाऱ्यावाजवणाऱ्याला आधी कंपनीपासून नव्हे, वतनापासून स्वतंत्र व्हावे लागले. वाजवणे ही त्याची कला मानली जात नव्हती, ते त्याचे काम मानले जाई, आणि ते नाकारण्याचा हक्क त्याला नव्हता. १९२७ साली महाडला माणूसपणाचा हक्क सांगितला गेला आणि त्यानंतर गावकीची कामे सोडण्याची हाक गावोगाव पोचू लागली. महार वतन कायद्याने रद्द व्हायला तर १९५८ साल उजाडले. हलगी खाली ठेवणे आणि स्वतःच्या गाण्यासाठी ढोलकी उचलणे ह्या दोन्ही क्रिया एकाच स्वातंत्र्याच्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

वतन सोडले की गावाचे बलुते बंद. मग गाणाऱ्याला ऐकणारे कोण, बोलावणारे कोण आणि बिदागी देणारे कोण? सत्यशोधक परंपरेतून आलेला जलसा हे ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच विचाराच्या प्रचारासाठी पुढे सत्यशोधक जलसे निघाले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या, म्हणजे १९३० च्या सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडील भीमराव कर्डकांचे नाव ह्यात अग्रभागी येते. तमाशातली ढोलकी, तुणतुणे आणि सवालजवाबाचा बाज जलशाने ठेवला. देवाची स्तुती आणि शृंगार काढून टाकला. त्या जागी मृतमांस सोडा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, असा उपदेश आणला. सभेआधी जलसा होई. माणसे गाण्याला जमत आणि विचार घेऊन जात.

ह्या जलशांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग कुठून आला? कर्डकांनी स्वतः 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले आणि ते १९७८ साली प्रसिद्ध झाले, म्हणून. फडावर उभ्या राहिलेल्या माणसाने लेखणी हाती घेतली नसती तर त्या काळातील कितीतरी जलसाकारांची नावे आज कोणाला सांगता आली नसती. विद्यापीठांनी ती शोधली नव्हती.

जाहिरातही नाकारली जाते

प्रसिद्धी ही गोष्ट आमच्यासाठी कधीच निव्वळ धंद्याची नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. आकार घेऊन छापा, असे सांगूनही छापली नाही. ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारता'त नमूद केली आहे. ज्याच्याजवळ जाहिरातीचे पैसे आहेत त्यालाही जाहिरातीची जागा मिळत नाही, हा जातीच्या बाजाराचा कायदा. बाजार सर्वांना खुला असतो असे सांगणाऱ्या अर्थशास्त्र्यांनी ही एक नोंद वाचावी.

बाबासाहेबांचे उत्तर विनवणीचे नव्हते. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे. आपले पान आपल्या हाती असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. भीमगीते गाणाऱ्यांनी हा धडा आपल्या ऐपतीप्रमाणे गिरवला. वृत्तपत्र काढण्याची त्यांची ताकद नव्हती. त्यांनी चोपडी काढली.

चोपडीची घडण

१९५६ च्या धर्मांतरानंतर जलसे हळूहळू मागे पडले आणि गायन पार्ट्या पुढे आल्या. पेटी, ढोलकी, झांज, दोनतीन कोरसवाले आणि एक मुख्य गायक. कव्वालीचे मुकाबले होऊ लागले. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बारसे, लग्न, पुण्यानुमोदन, सगळीकडे पार्टी आली. ह्या पार्ट्यांच्या चोपड्या मी गेली काही वर्षे जमवत आहे. त्या हातात घेतल्या की त्यांमागचा विचार स्पष्ट दिसतो.

चोपडी लहान असते. छापखान्यात एका फॉर्म्यात सोळा पाने बसतात, म्हणून चोपडी बहुधा सोळा पानांची, फार तर बत्तीस. कागद हलका. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा ब्लॉक, खाली गायकाचे नाव आणि नावामागे लोकांनी दिलेली किंवा स्वतःच घेतलेली पदवी : लोकशाहीर, भीमशाहीर, महाकवी. पांढरपेशा समीक्षक ह्या पदव्यांना हसतो. त्याच्या आजोबाला रावसाहेब, रावबहादूर ही बिरुदे सरकारने दिली तेव्हा तो हसला नव्हता. ज्याला गावाने कधी पूर्ण नावाने हाक मारली नाही त्याने स्वतःच्या नावामागे एक शब्द लावला, ह्यात हसण्यासारखे काय आहे?

आत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' दिलेली असते. अमुक चित्रपटातील अमुक गाण्याची चाल. ही मोठी युक्ती होती. स्वरलिपी वाचता येणारा वाचक आमच्या वस्तीत नव्हता. पण चित्रपटाचे गाणे सर्वांच्या कानात होते. चोपडी घरी नेली की त्याच रात्री पोरी ते गाणे म्हणू शकत. ज्याने गाणाऱ्याला कधी पाहिले नाही त्याच्या घरातही गाणे शिरले. प्रसिद्धीचे इतके स्वस्त आणि इतके अचूक साधन दुसरे नव्हते. ह्या युक्तीची एक किंमत होती, तिचा विचार पुढे येईल.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गीतकाराचे नाव गुंफलेले असते. ही नाममुद्रा संतांपासून चालत आलेली आहे. चोखोबांच्या अभंगात चोखोबांचे नाव आहे म्हणूनच ते चोखोबांचे राहिले. परंपरा असे सांगते की चोखोबा अभंग म्हणत आणि अनंतभट्ट ते लिहून घेत. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. नाव मात्र गाण्याच्या आत शिवलेले होते, त्यामुळे ते उसवता आले नाही. निरक्षराच्या गाण्यावर नाममुद्रेइतके खात्रीचे शिक्कामोर्तब दुसरे नाही.

मलपृष्ठावर असतो पत्ता. पार्टी ठरवण्यासाठी कुठे भेटावे, कोणाच्या दुकानी निरोप ठेवावा, कोणत्या चाळीत कोणत्या खोलीत यावे. माझ्या मते चोपडीतले हे सर्वांत महत्त्वाचे पान. पुढच्या तालुक्यातला जयंती मंडळाचा कार्यकर्ता हा पत्ता वाचून येई आणि इसार देऊन जाई. चोपडीची विक्री हा वरचा पैसा. खरी कमाई ह्या पत्त्याची. गाणे ऐकणारा आणि गाणारा ह्यांच्यामध्ये कोणी दलाल उरत नसे.

हे सगळे ज्यांनी आयुष्यभर केले त्यांत वामनदादा कर्डकांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्म, मुंबईत मोलमजुरी, आणि २००४ साली मृत्यू. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता येईना, त्या लाजेपोटी त्यांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्यातून बोध घ्यायचा तो एवढाच की अक्षर हाती आल्यावर ह्या माणसाने हजारो गाणी रचली, आणि १९७३ साली 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह निघाला. वामन हे नाव त्यांच्या गाण्यांच्या शेवटी येते. आज वीस पार्ट्या तीच गाणी वीस तऱ्हांनी गातात, पण गाणे वामनदादांचे आहे हे शाळेत न गेलेली म्हातारीही सांगते.

एक उणीवही येथेच नोंदवली पाहिजे. चोपडी प्रामुख्याने पुरुषांची राहिली. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या बायांची चोपडी निघाली नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या गाणाऱ्या बायांची नावे व गावे नोंदवली, म्हणून त्यांतल्या बाबासाहेबांवरील ओव्या आज त्या त्या बाईच्या नावाने वाचता येतात. आमच्या चळवळीतील छापखाना मात्र त्या बायांच्या दारापर्यंत गेला नाही.

अमेरिकेतील काळा हंस

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. काळ्यांच्या साहित्याशी आपण १९७२ च्या पँथरच्या दिवसांपासून नाते सांगतो. त्यांच्या गाण्याच्या व्यवहाराशीही ते सांगायला हवे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच सुमारास तिकडे दक्षिणेत, मेम्फिस शहरात, डब्ल्यू. सी. हँडी हा काळा संगीतकार आमच्या शाहिरांसारखाच पेचात होता. १९१२ साली त्याने 'मेम्फिस ब्लूज' ही रचना पदरमोड करून छापली आणि लगेच तिचे हक्क पन्नास डॉलरला विकून टाकले. रचना देशभर गाजली. पैसा घेणाऱ्याला मिळाला. हँडीला ते हक्क परत मिळायला १९४० साल उजाडले. ह्या व्यवहारानंतर त्याने हॅरी पेस ह्या मित्राबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली, आणि १९१४ सालची 'सेंट लुइस ब्लूज' त्या संस्थेतर्फे काढली. ती रचना त्याला जन्मभर पुरली.

पेसने पुढे १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक स्वान', म्हणजे काळा हंस, ह्या नावाची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. संचालकांत विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते, आणि ते संपादित करीत असलेल्या 'द क्रायसिस' ह्या मासिकात तिच्या जाहिराती येत. एथेल वॉटर्स हिच्या तबकडीने कंपनीला नाव मिळवून दिले. गायिकेला आणि वादकांना घेऊन कंपनीने गावोगाव दौरा काढला. आपले मासिक, आपली कंपनी, आपला दौरा. आमच्या गायन पार्टीने चोपडीच्या मापाने जे केले तेच हे, फक्त मोठ्या भांडवलावर. तरीही १९२३ च्या अखेरीस कंपनी बुडाली आणि १९२४ साली गोऱ्यांच्या पॅरामाउंट कंपनीकडे गेली. काळ्यांचे गाणे विकले जाते असे दिसताच मोठ्या कंपन्यांनी तेच गायक उचलायला सुरुवात केली होती, आणि नभोवाणीही आली होती.

ह्यातून दोन गोष्टी कळतात. स्वतःचे पान आणि स्वतःची तबकडी असली की नाव उभे राहते. परंतु बाजार मोठा झाला की नाव उभे करणाऱ्यालाच बाहेर काढतो. म्हणून हक्काचा कागद जपावा लागतो. हँडी तगला तो ह्या कागदावर.

'पारंपरिक' नावाचा गीतकार

आपल्याकडे हा अनुभव कॅसेटने दिला. १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा गौहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगे, कारण परदेशातील कारखान्यात तबकडीवर कोणाची चिठ्ठी लावायची हे कळायला हवे होते. तीही नाममुद्राच. पण तबकडीच्या त्या जगात आमच्या गायन पार्टीला सहसा दार नव्हते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, लहानलहान कंपन्या निघाल्या, आणि भीमगीतांना बाजार आहे हे व्यापाऱ्याला कळले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात गेला. त्यांच्या मुलांनी, आनंद आणि मिलिंद शिंद्यांनी, लोकगीतांच्या कॅसेटींनी महाराष्ट्र दणाणून सोडला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ठेले लागले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

पण करार कसे झाले? माझे मामा गिरणीत बदली कामगार होते. रात्री गायन पार्टीत गात आणि गाणी रचत. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. तालुक्याच्या छापखान्यात दोन हप्त्यांत पैसे भरून त्यांनी चोपडी काढली होती. बाजाराच्या दिवशी ती झोळीतून विकत. पुढे एका कॅसेट कंपनीने त्यांची दोन गाणी घेतली. हातावर रोख रक्कम ठेवली आणि एका छापील कागदावर सही घेतली. कॅसेट आली तेव्हा आत गाणी त्यांचीच होती. पण वेळेत बसत नाही म्हणून शेवटची कडवी कापलेली होती. म्हणजे नेमकी नावाची कडवी. आणि वेष्टनावर, गीतकाराच्या जागी, 'पारंपरिक' असा शब्द छापला होता.

ह्या एका शब्दावर इतिहासाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. गाणे पारंपरिक म्हणजे ते कोणाचेच नाही. कोणाचेच नाही म्हणजे जो उचलेल त्याचे. आमच्या रचना लोकसाहित्य ठरतात आणि त्यांच्या रचना साहित्य ठरतात, ह्यामागे काही अंशी हीच युक्ती आहे. लोक म्हणून आमचे कौतुक करायचे आणि माणूस म्हणून आमचे नाव खोडायचे. मामांची पार्टी पुढे मोडली, ते गेले. दोन्ही गाणी अजून जयंतीत वाजतात. ती त्यांची आहेत ह्याला आज एकच पुरावा उरला आहे, आणि तो म्हणजे चोपडी. तीत पूर्ण गाणे आहे, शेवटचे कडवे आहे, छापल्याचे साल आहे, छापखान्याचे नाव आहे.

कायदा काय म्हणतो तेही आपल्या गाणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे लिहिताक्षणी त्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे येतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरील हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला आणखी बळ दिले : ध्वनिमुद्रण दुसऱ्याने केले तरी त्यातील आपल्या रचनेच्या वापराबद्दलचे मानधन मागण्याचा समान हक्क गीतकाराला सोडून देता येत नाही. तसा करार त्याच्याकडून करून घेतला तरी तो चालत नाही; हा हक्क फक्त वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. अशी वसुली करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. पण हक्क सांगायचा तर गाणे माझे, हे दाखवावे लागते. तेथे पुन्हा चोपडी लागते.

आणि तेथेच 'चाली'ची किंमतही मोजावी लागते. शब्द आपले, पण चाल चित्रपटाच्या संगीतकाराची. जोवर गाणे चौकात गायले जात होते तोवर कोणी विचारले नाही. यंत्रावर चढले की चालीचा मालक हक्क सांगू शकतो. जे साधन पन्नास वर्षे पंख होते तेच आता पायात अडकते. म्हणून नव्या गाणाऱ्याने चालही आपली बांधली पाहिजे. आमच्याकडे चालींचा काय तोटा आहे? हलगीचे ठेके आहेत, भारुडे आहेत, जात्यावरची ओवी आहे.

मोबाइलच्या काळात

आज माझे विद्यार्थी मोबाइलवर गाणे चित्रित करतात आणि संध्याकाळपर्यंत ते हजारो लोकांनी ऐकलेले असते. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात ह्यांचा आवाज असाच महाराष्ट्रभर पोचला. कोणत्याही कंपनीने त्यांना आधी निवडले नव्हते. हे फार मोठे परिवर्तन आहे. 'मूकनायक'ची जाहिरात नाकारणारा माणूस आता वाटेत उभा नाही, असे वाटू लागते.

तो उभा आहे, फक्त दिसत नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्या गाणाऱ्यांचे सारे श्रोते तेथेच होते त्यांची जमवलेली माणसे एका रात्रीत तुटली. बंदी बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. जागा दुसऱ्याची होती, हा मुद्दा आहे. चोपडी छापखाना बंद पडला तरी उरते. लोकांच्या पत्र्याच्या पेटीत उरते.

नाव खोडण्याची रीतही बदललेली नाही. तामिळनाडूतील अरिवू हा दलित कवी-गायक. त्याने शब्द लिहिलेले आणि स्वतः गायलेले 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे मार्च २०२१ मध्ये आले आणि जगभर गाजले. चहाच्या मळ्यात राबलेल्या पूर्वजांच्या कहाण्या, आजीच्या तोंडून ऐकलेल्या, त्यात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' ह्या मासिकाने ह्या यशाचा गौरव करताना मुखपृष्ठावर दुसऱ्या दोन गायकांची छबी छापली. अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित ह्यांनी जाहीर निषेध केला, ओरड झाली, तेव्हा त्याचे वेगळे मुखपृष्ठ काढण्यात आले. चूक झाली असेल, हेतू नसेल. परंतु चूक नेहमी एकाच बाजूला का होते, हे विचारण्याचा हक्क इतिहासाला आहे.

माझे वर्गातले विद्यार्थी ध्वनिचित्रफितीखाली गायकाचे नाव लिहितात, वाद्यवृंदाचे लिहितात, छायाचित्रकाराचेही लिहितात. गीतकाराच्या जागी कधी काहीच नसते, कधी 'पारंपरिक' असते. जो शब्द परक्या व्यापाऱ्याने आमच्या माणसावर लादला तो आता आमचीच पोरे सहज लिहून जातात. मी त्यांना चोपडी दाखवतो आणि तिच्यात जे आहे ते सारे लिहायला सांगतो : गाणे कोणाचे, चाल कोणाची, गायले कोणी, कोणत्या साली, आणि आम्हाला बोलवायचे तर कुठे यावे. प्रसिद्धीचे शास्त्र म्हणून जे आज विकले जाते त्यात ह्याहून फार वेगळे काही मला आढळले नाही. आपले नाव आपल्या हाताने लिहावे, ऐकणाऱ्याशी आपला सरळ संबंध असावा, आणि लिहिलेले आपल्याजवळही राहावे.

शेवटी एक काम सुचवतो. जिल्ह्याजिल्ह्यातून ह्या चोपड्या गोळा झाल्या पाहिजेत. महाविद्यालयांतील आमच्यासारख्या शिक्षकांनी त्यांची सूची करावी : गीतकार, गाव, छापखाना, साल, किंमत. विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहू नये. चोपडी काढणाऱ्यांनी तशी वाट पाहिली नव्हती. कागद पिवळा पडला आहे, वाळवी लागली आहे, आणि ज्यांना ह्या गाण्यांची नावे-गावे ठाऊक आहेत ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या घरी अशी चोपडी असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. मुखपृष्ठ फाटले असले तरी चालेल. शेवटचे पान मात्र जपावे, तेथे पत्ता असतो.